बंदीतलं काम आणि बैठकीतलं भांडण



बंदीचे दिवस जवळ आले की प्रत्येक सोसायटीत एखादं काम निघतंच. कुठे डिझेल पंपाची टाकी बदलायची असते, कुठे लिलावाच्या शेडचे पत्रे, कुठे बर्फाचा कारखाना. पैसा मंजूर असतो, ठेकेदार ठरलेला असतो, तरी काम रखडतं. का रखडलं विचारलं तर उत्तर तयार असतं : "पावसानं घात केला." आता जून-जुलैत गोव्यात पाऊस पडणार, हे काय कुणापासून लपलेलं आहे? काम बहुतेक वेळा अडतं ते माणसांत. एकानं सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, पोचतं ते वेगळंच पोचतं, आणि मग बैठकीत आवाज चढतात.

मोठ्या कंपन्यांत याचं रीतसर शिक्षण देतात. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात त्याला. त्यात संवाद, वाद आणि वाटाघाट हे धडे असतातच. आज हे तिन्ही धडे आपण आपल्याच एका कामावर घेऊन बघू. काम कल्पनेतलं आहे, आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या सोसायटीचे आकडे त्या जागी घाला.

समजा सोसायटीचा बर्फाचा कारखाना जुना झालाय. कॉम्प्रेसर बदलायचा, अमोनियाचे पाइप बदलायचे, मिठाच्या पाण्याची टाकी दुरुस्त करायची. कारखाना दिवसाला 15 टन बर्फ काढतो. सोसायटीचे 30 ट्रॉलर आहेत आणि 25 होड्या. बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. ठेकेदार म्हणतो, "61 दिवसांत काम पूर्ण करून देतो." सगळे खूश. ठराव पास, चहा-भजी, घरी.

इथेच पहिली मेख आहे. "पूर्ण" म्हणजे काय?

ठेकेदाराच्या मनात पूर्ण म्हणजे मशीन बसलं, बटण दाबलं, सुरू झालं. ट्रॉलर मालकाच्या मनात पूर्ण म्हणजे 1 ऑगस्टला त्याच्या बोटीच्या खणात बर्फ पडला. या दोन पूर्णांमध्ये किती दिवसांचं अंतर आहे ते मोजू. प्रत्येक ट्रॉलरला पहिल्या फेरीसाठी 4 टन बर्फ धरला, तर 30 ट्रॉलरना 120 टन लागणार. दिवसाला 15 टन म्हणजे 8 दिवसांचं उत्पादन. ते 24 ते 31 जुलैमध्ये निघायला हवं. मोठी लादी गोठायला दीड-दोन दिवस जातात, म्हणजे डबे 22 जुलैला भरायला हवेत. त्याआधी टाकीतलं मिठाचं पाणी थंड करायला तीन दिवस धरू. म्हणजे मशीन 19 जुलैच्या सकाळी चालू व्हायला हवं. ठेकेदाराचं काम 18 जुलैच्या संध्याकाळी संपायला हवं. साठवणीत वितळणारा बर्फ यात धरलेलाच नाही.

1 जून ते 18 जुलै म्हणजे 48 दिवस. आपण सभेत बोललो 61 दिवस, आणि हातात होते 48. ठेकेदार खोटं बोलला नाही, मालकही खोटं बोलले नाहीत. दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांच्या डोक्यात वेगळी तारीख होती. अशी 13 दिवसांची चूक नंतर कुणी भरून देत नाही.

म्हणून कोणत्याही कामाच्या कागदावर "काम पूर्ण" असं मोघम लिहू नये. काय दिसलं म्हणजे काम झालं समजायचं, ते लिहावं. "18 जुलैला संध्याकाळी सहा वाजता मशीन लोडवर चालू, 24 तारखेला सकाळी पहिला 15 टन बर्फ काढून मोजलेला." एवढं लिहिलं की वाद घालायला जागा उरत नाही. उरली तरी लहान उरते.

आता निरोपांचं बघू. या कामात किती माणसं आहेत? संचालक मंडळाचे नऊ जण, ठेकेदार, इलेक्ट्रिशियन, कॉम्प्रेसरचा व्यापारी, बँकेचे साहेब, खात्याचे अधिकारी. झाले 14. प्रत्येकजण प्रत्येकाशी बोलायला लागला तर किती जोड्या होतात? प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये याचं सोपं गणित आहे : माणसांची संख्या गुणिले तिच्याहून एक कमी, आणि आलेल्या आकड्याचं अर्धं. 14 गुणिले 13 म्हणजे 182, त्याचं अर्धं 91. एक्क्याण्णव वाटांनी निरोप फिरणार! एका संचालकानं ठेकेदाराला फोन करून सांगितलं, "पाइप थोडे जाड घ्या." दुसऱ्यानं सांगितलं, "खर्च वाढवू नका." ठेकेदार बिचारा सोयीचं तेवढं ऐकतो, आणि का ऐकू नये?

मधे एक माणूस ठेवला की हेच काम 13 वाटांवर येतं. तो चेअरमनच हवा असं नाही. उलट आमच्या मते नसलेलाच बरा, कारण चेअरमनला लोक सगळं सांगत नाहीत. रोज कारखान्यावर जाणारा, वहीत तारीख घालून लिहिणारा, कुणाच्या बाजूचा नाही असा माणूस पाहिजे. ठेकेदाराला सूचना त्याच्यामार्फतच जाणार, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य करायचं. व्हॉट्सॲप ग्रुप असू दे, पण ग्रुपवर पडलेला व्हॉइस मेसेज म्हणजे सूचना नव्हे. सकाळच्या सुविचारांत आणि वाढदिवसांच्या केकांत तो दुपारपर्यंत कुठे वाहून जातो तेही कळत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी म्हणा, जेटीवरच्या फळ्यावर चार ओळी : काय झालं, काय राहिलं, कशाची वाट बघतोय, पुढच्या शनिवारी काय दिसायला हवं. ज्यांच्याकडे मोबाइल नाही तेही वाचतात, आणि उभं राहून वाचताना दोन प्रश्न विचारतात.

अमोनियाचा अपवाद मात्र करावाच लागेल. वास आला, गळती दिसली, तर कुणाची परवानगी विचारायची नाही. ज्यानं पाहिलं त्यानं काम थांबवायचं, माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला न्यायची, 112 ला फोन करायचा. मधल्या माणसाला नंतर सांगितलं तरी चालेल.

वाईट बातमीचंही असंच ठरवून ठेवावं लागतं. कॉम्प्रेसर पंधरा दिवस उशिरा येणार हे ठेकेदाराला 10 जूनला कळतं, आपल्याला तो 10 जुलैला सांगतो. का? करारात उशिराला दंड आहे म्हणून. सांगितलं की दंडाची चर्चा आजच सुरू होणार, नाही सांगितलं तर महिनाभर शांतता. आपणच त्याला गप्प बसायला शिकवतो. आमचं मत असं, की उशिराचा दंड ठेवावा, पण कळल्यापासून दोन दिवसांत सांगितलं तर तो कमी व्हावा आणि लपवलं तर वाढावा. 10 जूनला कळलं तर दुसरा व्यापारी शोधता येतो, भाड्याचं मशीन बघता येतं. 10 जुलैला कळलं तर फक्त ओरडता येतं.

इथवरचा भाग तसा सोपा आहे. अवघड आहे ते घरातलं भांडण, आणि बर्फ कारखान्याच्या कामात ते निघणारच. कारण बंदी सगळ्यांना सारखी नसते. ती ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांची. लहान इंजिन लावून गिलनेटनं मासे मारणाऱ्या होड्यांना गोव्यात सूट असते. बंदीत ट्रॉलर नांगरावर, आणि होडीवाल्याला तेव्हाच मासळीला चांगला भाव. त्याला जूनमध्येही बर्फ हवा.

सभेत काय होतं बघा. ट्रॉलर मालक म्हणतात, "1 जूनला कारखाना पूर्ण बंद करा, एकदाच काय ते काम उरका." होडीवाले म्हणतात, "बंद करायचा नाही. अर्धा चालू ठेवा, अर्ध्याचं काम करा." ठेकेदार म्हणतो अर्धं-अर्धं केलं तर दिवस वाढतील. मग कुणीतरी म्हातारा होडीवाला उठतो : "बाब, तुमचं पोट भरलेलं आहे, आमचं हातावर आहे." समोरून उत्तर येतं : "कारखान्याला भागभांडवल कुणाचं जास्त आहे, काका, ते एकदा वहीत बघा." आणि मग विषय बर्फाचा राहतच नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. गोव्यात रापणकार आणि ट्रॉलरवाले यांचा संघर्ष 70च्या दशकात पेटला. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्यातूनच पुढे आले. 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी म्हणून ओळखला जाऊ लागला. आजही तो पट्टा ओलांडल्याच्या तक्रारी निघतात. ही जुनी जखम बैठकीत येऊन बसलेली असते. तोंडात शब्द बर्फाचे असतात, राग 5 किलोमीटरचा असतो. सभा चालवणाऱ्यानं तेव्हा, "विषयाला धरून बोला," असं दरडावून उपयोग नाही. "5 किलोमीटरचा विषय खरा आहे, त्याची वेगळी सभा अमुक तारखेला घेऊ, वहीत लिहितो," असं म्हणावं, खरंच लिहावं, आणि ती सभा खरंच घ्यावी. नाही घेतली तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही.

वादाला माणसं कशी भिडतात यावर केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1974 मध्ये एक मांडणी केली. ती अजून शिकवतात. पाच तऱ्हा आहेत त्यात : रेटून नेणं, पडतं घेणं, टाळणं, निम्मं-निम्मं करणं, आणि दोघांचंही भागेल असा मार्ग मिळून शोधणं. कुठलीच तऱ्हा कायम चांगली किंवा वाईट नाही, असं त्यांचं म्हणणं. अमोनिया गळतो आहे तिथे रेटूनच न्यावं लागतं. फळ्याला रंग कुठला द्यायचा यावर पडतं घेतलेलं बरं. आपल्या गावांत टाळणं जास्त. चतुर्थीला एका पंगतीत बसायचं असतं, म्हणून सभेत कोणी बोलत नाही आणि नंतर तिठ्यावर सगळं बोलतात.

निम्मं-निम्मं आपल्याला न्यायाचं वाटतं. पण आपल्या उदाहरणात बघा. एक बाजू पूर्ण बंद म्हणते, दुसरी अर्धा चालू. मधला मार्ग म्हणून एक महिना अर्धा चालू ठेवला, तर होडीवाल्याला जुलैमध्ये बर्फ नाही, आणि ट्रॉलरला 1 ऑगस्टला नाही. दोघंही उपाशी, फक्त समान उपाशी.

मग पाचवी तऱ्हा कशी जमवायची? हार्वर्डचे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981 मध्ये वाटाघाटीवर एक पुस्तक लिहिलं, ते जगभर गाजलं. (फिशर नाव असलं तरी गृहस्थ वकिलीचे प्राध्यापक. जाळ्याशी संबंध नाही.) त्यांचा मुख्य मुद्दा असा : माणूस तोंडानं मागणी सांगतो, पण मागणीच्या खाली गरज असते. बोलणी मागणीवर केली तर ओढाताण होते. गरजेवर केली तर वाटा सापडतात.

होडीवाल्याची मागणी काय? कारखाना चालू ठेवा. गरज काय? रोज पहाटे बर्फ. तो कारखान्यातूनच यावा असं काही नाही. ट्रॉलरवाल्याची मागणी पूर्ण बंद करा. गरज 1 ऑगस्टची खात्री. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतच नाहीत! आड येत होत्या त्या मागण्या.

आता हिशेब करता येतो. 25 होड्यांना रोज 40 किलो धरला तर 1 टन. मासळी विकणाऱ्या बायकांना अर्धा टन. (त्यांना सभेला कुणी बोलावलेलंच नसतं. बर्फ विकत घेणारं गिऱ्हाईक आहे ते, आणि बंदीत टोपलीखाली बर्फ नसला तर दुपारपर्यंत माल जातो. त्यांच्यातल्या दोघींना तरी पहिल्या बैठकीलाच बोलवा.) झाला दीड टन. 1 जून ते 23 जुलै, 53 दिवस, म्हणजे साधारण 80 टन. दुसऱ्या कारखान्यातून सोसायटीच्या टेम्पोनं आणला आणि किलोमागे 1 रुपया जास्त पडला, तर 80 हजार रुपये. होडीवाल्यानं नेहमीचाच दर द्यायचा, फरक कामाच्या खर्चात धरायचा.

ट्रॉलर मालक म्हणतील, आमच्या पैशानं कशाला? 80 हजार भागिले 30, एका ट्रॉलरमागे 2,667 रुपये. कारखाना ऑगस्टमध्ये एक दिवस उशिरा सुरू झाला तर एका ट्रॉलरचं किती जातं, हे ज्यानं त्यानं आपल्या वहीत बघावं. आम्ही आकडा सांगत नाही.

असा हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडण्याला स्वतःची एक ताकद असते. याचं एक मोठं उदाहरण समुद्रावरच्याच वाटाघाटीतलं आहे. आपल्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाचा, आणि 200 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटर, मासळीवर आणि तळाच्या संपत्तीवर देशाचा हक्क. हा नियम जगानं ज्या करारात लिहिला त्याची बोलणी संयुक्त राष्ट्रांत 1973 ते 1982, नऊ वर्षं चालली. त्यात खोल समुद्राच्या तळावरचे धातूचे गोटे काढण्याचा प्रश्न अडला. खाणीच्या प्रत्येक जागेसाठी कंपन्यांनी सुरुवातीलाच 6 कोटी डॉलर भरावेत, असा प्रस्ताव विकसनशील देशांच्या वतीनं भारतानं मांडला. अमेरिका म्हणाली, सुरुवातीला एक पैसाही नाही. दोन्हीकडे ताठ माना.

मग अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं अशा खाणीच्या अर्थकारणाचं केलेलं एक गणिती मॉडेल पुढे आलं. एवढे पैसे पहिल्यालाच भरले तर उत्पन्न सुरू व्हायच्या आधीची वर्षं कंपनीला किती जड जातील, हे त्यात दिसत होतं. भारतानं आपला आकडा पुन्हा तपासायची तयारी दाखवली. त्याच मॉडेलवरून अमेरिकेच्या माणसांनाही कळलं की थोडी सुरुवातीची रक्कम परवडू शकते. त्यांनीही भूमिका बदलली. कुणी कुणापुढे वाकलं असं झालं नाही, दोघंही आकड्यापुढे वाकले. त्यात लाज नसते. (अमेरिकेनं पुढे त्या करारावर सही केलीच नाही, ती गोष्ट वेगळी.) फळ्यावरचा 48 दिवसांचा आणि 80 टनांचा हिशेब आपल्या सभेत तेच काम करतो : लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे थांबून फळ्याकडे बघतात.

ठेकेदाराशी बोलतानाही मागणी आणि गरज वेगळी काढा. तो 60 टक्के ॲडव्हान्स मागतो, आपण 20 म्हणतो, शेवटी 40 वर तुटतं. दोघं नाराज. त्याला विचारा, पैसे कशाला हवेत? बहुतेक वेळा उत्तर असतं, कॉम्प्रेसरवाला रोख मागतो. आपली भीती काय? पैसे घेऊन ठेकेदार दुसऱ्याच कामाला लागेल ही. मग कॉम्प्रेसरचे पैसे सोसायटीनं थेट व्यापाऱ्याच्या खात्यात भरावेत, पावती आणि गॅरंटी कार्ड सोसायटीच्या नावावर. ठेकेदाराच्या मजुरीचे हप्ते तारखांशी बांधावेत. त्याची अडचण सुटली, आपली भीती गेली.

आणि बोलणीला बसण्याआधी एक गोष्ट खिशात हवीच : बोलणी फिसकटली तर काय करणार? दुसऱ्या ठेकेदाराचं कोटेशन एप्रिलमध्येच हातात असेल तर माणूस शांतपणे बोलतो. 28 मेला एकच ठेकेदार समोर असेल तर तो म्हणेल ते मान्य करावं लागतं, मग फिशरसाहेबांचं पुस्तक पाठ असलं तरी. समोरच्याचाही असाच विचार करा. पावसाळ्यात त्याच्याकडे दुसरं काम आहे का? नसेल तर त्यालाही तुमची गरज आहे.

एवढं करूनही गाठ सुटली नाही तर? सहकार कायद्यात तंटा निबंधकांपुढे नेण्याची वाट आहे, ती आपला हक्कच आहे. पण त्या वाटेला वेळ लागतो आणि बंदीचे दिवस थांबत नाहीत. म्हणून मधे बसवायचा माणूस आधीच ठरवून ठेवा. दोन्ही बाजूंना चालेल असा, शक्यतो दुसऱ्या गावच्या सोसायटीतला जुना पदाधिकारी. भांडण पेटल्यावर त्याचं नाव शोधायला गेलात तर नावावरूनच दुसरं भांडण होतं.

शेवटी ठरावाचा एक मसुदा देतो. एप्रिलच्या सभेत आपल्या आकड्यांसह वापरा :

"बर्फ कारखान्याचे दुरुस्तीकाम 1 जून रोजी सुरू होऊन 18 जुलै सायंकाळी 6 पर्यंत मशीन लोडवर चालू करण्यात यावे. 24 जुलै रोजी पहिला 15 टन बर्फ मोजून घेतल्यावरच काम पूर्ण समजले जाईल. दि. 1 जून ते 23 जुलै होडीधारक सभासद व मासळी विक्रेत्या महिलांना रोज पहाटे 4 वाजता जेटीवर नेहमीच्या दराने बर्फ देण्यात येईल; दरातील फरक कामाच्या खर्चात धरला जाईल. ठेकेदारास सूचना फक्त नेमलेल्या कार्यवाहामार्फत लेखी दिल्या जातील. उशिराची शक्यता कळल्यापासून दोन दिवसांत लेखी कळवणे ठेकेदारावर बंधनकारक राहील. दर शनिवारी सायंकाळी कामाची स्थिती जेटीवरील फळ्यावर लिहिण्यात येईल."

खाली ट्रॉलरधारकांतर्फे दोन, होडीधारकांतर्फे दोन आणि विक्रेत्या महिलांतर्फे दोन सह्या घ्या. ठरावाची एक प्रत ठेकेदाराला द्या आणि त्याची पोच घ्या.